वाचकांचे प्रश्न : जीएम लसणाचं बेणं घ्यावं का?

प्रश्न : मोहोळजवळ अर्धा एकर लसूण असतो, बेणं वडिलांपासूनचं घरचंच. तीन वर्षं झाली गड्डा बारीक होत चाललाय, पानांवर पिवळ्या रेघा येतात, औषधं मारून थकलो. एकजण म्हणतोय जीएम लसणाचं बेणं आलंय, रोगच येत नाही, पण रेट लय सांगतो. घ्यावं का?
– एक शेतकरी वाचक, मोहोळ

उत्तर : दादा, एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडं जीएम, म्हणजे लॅबमध्ये दुसरीकडचा जीन (गुण ठरवणारा घटक) घातलेल्या, लसणाला परवानगीच नाही, शेतकऱ्याच्या रानात रीतसर लागतंय असं जीएम पीक म्हणजे कापूस, तेही २००२ पासून. तुम्हाला दाखवतात ते बहुतेक मोठ्या पाकळीचं साधं वाण असणार.

तुमच्या पिवळ्या रेघा व्हायरसच्या वाटतात. मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, तो पसरवतो, म्हणून मावा आटोक्यात ठेवायचाच, पण एकदा झाडात शिरलेला व्हायरस कुठल्याच फवारणीनं निघत नाही. बियांतून असे व्हायरस सहसा पुढं जात नाहीत, लसणाला मात्र बीच धरत नाही, आपण पाकळीच टोकतो, मग वडिलांच्या वेळचा रोगसुद्धा पाकळीबरोबर दरसाल नव्या वाफ्यात जातो आणि थोडाथोडा वाढतच राहतो. डाळिंबवाल्यांनी पण हे ध्यानात ठेवा, तेल्या (फळावर तेलकट डागांचा रोग) असलेल्या बागेतनं गुटी कलम आणलं की तेल्या पण घरी आलाच.

आता जीएमचं. लॅबमध्ये ते झालंय, नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००४ मध्ये बीटी या अळी मारणाऱ्या जिवाणूचा जीन घालून पानं खाणाऱ्या अळीला दाद न देणारा लसूण तयार केला होता. पण काम फार अवघड, कारण लसणाचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, भाताच्या जवळपास चाळीसपट मोठा, आणि जीन घातलेल्या एका पेशीपासून अख्खं रोप उभं करायला महिनोन्महिने जातात. शिवाय जीन घालताना भातात काही नको ते जादा घुसलं तर क्रॉस करून पुढच्या पिढीत ते नसलेली रोपं निवडता येतात, लसणात बी नाही म्हणून क्रॉस नाही, जे घुसलं ते प्रत्येक पाकळीत कायमचं. हीच गोष्ट उलट बाजूनं फायद्याची, चांगला गुण एकदा बसला की तो पण हलत नाही आणि परागकणातनं शेजारच्या रानात जायची भीती जवळजवळ नाहीच. केळीत हे जमलंय. खाण्याच्या कॅव्हेंडिश केळीला बी नाही, तर ऑस्ट्रेलियात जंगली केळीतला एक जीन तिच्यात घालून पनामा मर या बुरशीच्या रोगाला टिकणारं वाण केलं, त्याला २०२४ मध्ये तिथं मंजुरी मिळाली. माझं मत विचाराल तर लसणातही सरकारी संस्थांनी हे नेटानं करावं, कारण बी नसलेल्या पिकाला दुसरे रस्ते फार कमी.

तोवर बेणं बदला. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेकडं भीमा ओंकार, भीमा पर्पल या लसणाच्या वाणांची चौकशी करा. टिश्यू कल्चरमध्ये कोंबाचं मिलिमीटरपेक्षा लहान टोक घेतात, तिथं व्हायरस सहसा पोचलेला नसतो, असं बेणं मिळालं तर उत्तमच. ते कांद्याच्या रानापासून लांब लावा.

घरचंच ठेवायचं असेल तर पीक हिरवं असतानाच रेघा नसलेल्या जोमदार रोपांशेजारी काड्या रोवून खूण करा. काढणीला ते गड्डे पातीसकट वेगळी जुडी बांधून टांगा, नाहीतर शेंगाचटणीला घरात तेच मोठे गड्डे आधी उचलले जातात.