रोमन नाणी: कांस्य, पितळ की तांबे?

प्रश्न असा आहे: लिलावाच्या यादीत सम्राट व्हेस्पेशियनच्या एका नाण्यापुढे ‘ब्राँझ’ असं लिहिलंय. व्यास 27 मिमी, वजन 12.4 ग्रॅम, सम्राटाच्या डोक्यावर टोकंटोकं असलेला मुकुट. मराठीत ‘कांस्य’ म्हणायचं का?

या नाण्याला नको, हे पितळ आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. इ.स.पू. 23च्या सुमारास ऑगस्टसने नाणी नव्याने बसवली, तेव्हा सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस ही नाणी पितळेची (लॅटिनमध्ये ओरिकॅल्कम) आणि अ‍ॅस हे नाणं तांब्याचं ठरलं. ‘ब्राँझ’ हे या सगळ्यांचं घराण्याचं नाव. अशा याद्यांत त्यासाठी लिहितात ते ‘एई’ (AE) हे लघुरूप लॅटिन ‘आएस’वरून आलंय, आणि त्यात तांबं, कासं, पितळ सगळं येतं. (हा शब्द आपल्या ‘अयस्’चा सख्खा भाऊ, संस्कृतात तो पुढे लोखंडाकडे वळला.) गटाबद्दल बोलताना ‘कांस्य नाणी’ चालेल. एकेका नाण्यापुढे मात्र धातू नेमका लिहावा.

सेस्टर्शियस ओळखायला त्रास नाही: 32 मिमीच्या वर, सुमारे 25 ग्रॅम. घोटाळा होतो तो ड्युपॉन्डियस आणि अ‍ॅसमध्ये, कारण आकार जवळजवळ सारखाच. सम्राट नीरोपासून ड्युपॉन्डियसवर किरणमुकुट, म्हणजे तो टोकंटोकं असलेला मुकुट, येऊ लागला, तर अ‍ॅसवर सम्राट उघड्या डोक्याचा किंवा लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला. ‘काटेरी मुकुट’ लिहू नका, ते सूर्यकिरण आहेत. सम्राज्ञींच्या नाण्यांवर ही खूण नसते, तिथे धातूच पाहावा लागतो. झिजलेल्या उंचवट्यावर, म्हणजे गालाच्या किंवा कानाच्या टोकाशी, पिवळसर झाक दिसली तर पितळ, लालसर दिसली तर तांबं. त्यासाठी नाणं चिंच लावून घासू नका. घरची समई उजळते, पण नाण्यावरचा थर गेला की अक्षरांचा बारकावाही जातो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते साधं कळकणं नव्हे, क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातोय. असं नाणं कोरडं आणि इतरांपासून वेगळं ठेवावं.

दोन सापळे आहेत. नीरोने काही काळ अ‍ॅससुद्धा पितळेत पाडले, त्यामुळे पिवळा म्हणजे ड्युपॉन्डियसच, असं नाही. आणि किरणमुकुट असलेलं, 20 मिमीचं, तीनेक ग्रॅमचं तपकिरी नाणं बहुधा तिसऱ्या शतकातला अँटोनिनियानस, म्हणजे वेगळ्याच प्रकारचं नाणं. ते मुळात चांदीचं, पण कस इतका घसरला की चांदी नावापुरती उरली. त्याला ‘हिणकस चांदी’ हाच शब्द बरोबर.

मागच्या बाजूची एस, सी ही अक्षरं म्हणजे ‘सिनेटच्या ठरावाने’. पुढच्या बाजूवरच्या अक्षरांत सी-ओ-एस (COS) आणि त्यापुढे तीन रेघा असतील तर व्हेस्पेशियनचं तिसरं कॉन्सलपद (रोममधलं एक उच्च शासकीय पद), म्हणजे इ.स. 71. सम्राटाच्या मानेच्या टोकाखाली छोटा गोळा दिसला तर टांकसाळ लुग्डुनम, आजचं लियाँ. नोंद अशी करावी: ‘व्हेस्पेशियन, ड्युपॉन्डियस, पितळ, 27 मिमी, 12.4 ग्रॅम’. साल आणि टांकसाळ वरच्या खुणा दिसल्या तरच लिहावी.