घोड्यांची पुस्तकं वाचायला घेतेस, तर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि पुस्तकांची यादी मिळाली. यादीत जवळजवळ सगळी शर्यतींचीच पुस्तकं दिसली. ती जरूर वाच, पण एवढ्यात नको. खोगिरावर बसायला शिकणाऱ्याने आधी घोड्याचे खूर आणि घोड्याची भीती समजून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात झेनोफनपासून कर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा ग्रीक सेनानी. अश्वारोहणावरचं त्याचं पुस्तक अगदी लहान आहे. घोडा विकत घेताना तो आधी खूर पाहायला सांगतो. पायाच कच्चा असेल तर वरचं घर कितीही देखणं असून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बुजणाऱ्या घोड्याबद्दलचं. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये, कारण मार बसला की ते दुखणं त्या वस्तूमुळेच झालं असं त्याला वाटतं आणि तो आणखी बिथरतो. त्याऐवजी आपण स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि त्याला हळूहळू जवळ न्यावं. तुझा घोडा फडफडणाऱ्या ताडपत्रीला बुजतो असं लिहिलंयस. पावसाच्या तोंडावर गोव्यात ताडपत्री कुठे नसते? तेव्हा हे पान पागेत उभी राहून वाच आणि त्याच दिवशी करून बघ. मात्र झेनोफनच्या काळी रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी, नव्हती. म्हणून बसण्याच्या पद्धतीबाबत तुझे शिक्षक सांगतील तेच ऐक.

दुसरं पुस्तक पोर्तुगालचा राजा दुआर्ते याचं. 1438 साली तो वारला तेव्हा ते अपुरंच राहिलं होतं. इंग्रजी अनुवाद मिळतो. स्वाराच्या मनातली भीती कशी जाते, यावर एका राजाने इतक्या मोकळेपणाने लिहावं याचं मला फार अप्रूप वाटतं. पडल्यापासून तुला धास्ती बसली आहे ना, मग हे वाचच.

ॲना स्युएलची 1877 ची ‘ब्लॅक ब्यूटी’ लहान मुलांची म्हणून सोडू नकोस. घोड्याची मान जबरदस्तीने ताठ ठेवणाऱ्या लगामाचा जाच तिथे घोडाच सांगतो.

निगा राखण्याची इंग्रजी पुस्तकं घेशील तेव्हा मात्र सावध राहा. ती बहुतेक थंड मुलखातली. गोव्यात घोडे आले ते जहाजांतून, अरबस्तान-होर्मुझकडून, आणि घाट चढून विजयनगरला गेले; इथल्या दमट हवेत घोडा कसा सांभाळावा ते या पुस्तकांत फारसं सापडणार नाही. म्हणून समासात आपली टिपणं लिहीत जा. पावसाळ्यात रोज खुरातली माती काढून तळव्याच्या खाचा बघ. काळपट, कुबट वासाचा स्राव दिसला तर खूर कुजायला लागलाय असं समज. दुसरं याहून गंभीर आहे. उकाड्यात काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. दुडकीनंतर अंग कोरडं आणि नाकपुड्या मात्र भात्यासारख्या चालताहेत असं दिसलं, तर लगेच खाली उतर, सावलीत ने, अंगावर पाणी ओत आणि पशुवैद्याला बोलाव.

हे सगळं झालं की शर्यतींकडे वळ. लॉरा हिलेनब्रँडचं ‘सीबिस्किट’ आधी घे. 1938 मध्ये वॉर ॲडमिरल नावाच्या घोड्याला शर्यतीत हरवणाऱ्या सीबिस्किट या घोड्याची ही खरी गोष्ट. वजन उतरवण्यासाठी जॉकी शरीराचे किती हाल करतात, ती पानं भरभर उलटू नकोस. तुझं जॉकी व्हायचं मनात आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

पणजीला गेलीस की पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी कर. तिथे नाही मिळालं तर मला कळव, माझ्याकडचा झेनोफन पाठवते. त्यात मी पेन्सिलने खुणा केल्यात, त्या खोडू नकोस. ताडपत्रीचं काय झालं ते मात्र सविस्तर लिही.

तुझी,
मावशी