बाबांचं जेवण दोन घासांवर आलंय

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, गुडघे दुखतात म्हणून पेनकिलर चालू आहे. चार महिने झाले, जेवण जातच नाही त्यांना. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात, मग करपट ढेकर आणि पोट जड. वजन ६२ वरून ५८ किलो झालंय. आई बळंच भरवायला जाते आणि दोघांची रोज वादावादी. भूक वाढवायचं एखादं सिरप सांगाल का?

उत्तर : ताई, सिरप नको. अशा बऱ्याच सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं, त्याने या वयात गुंगी येते, कधी गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडकते, बद्धकोष्ठता वाढते, आणि मूळ कारण तसंच आत राहतं. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वजन. मुद्दाम कमी न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्के वजन उतरलं तरी तपासणी करायची असते, बाबांचं चारच महिन्यांत ६ टक्क्यांच्या वर गेलंय. वयाने भूक थोडी मंदावते हे खरं, वास-चव कमी होते, जठर पूर्वीसारखं सैल होत नाही म्हणून लवकर पोट भरतं, पण चार किलो नुसत्या वयाने जात नाहीत हो.

आधी औषधं बघा. सगळी, म्हणजे उशाजवळची, देवळीतली, फ्रीजमधली, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्याकडे एका आजोबांची पिशवी टेबलावर रिकामी केली तर एकच पेनकिलर दोन वेगळ्या नावांनी निघाली, दोन डॉक्टरांनी लिहिलेली आणि आजोबा इमानदारीत दोन्ही घेत होते! पेनकिलरने जठरात अल्सर होऊ शकतो आणि उतारवयात तो कधी कधी दुखतही नाही, नुसती भूक जाते आणि हिमोग्लोबिन उतरतं. शुगरच्या मेटफॉर्मिनने पण अन्नावरची वासना उडते, तोंडात धातूसारखी चव येते. मनाने काही बंद करू नका, पण हे मात्र लगेच विचारा की जेवण निम्म्यावर आलंय तर शुगरचा डोस तोच ठेवायचा का, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन माणूस जेवला नाही तर शुगर एकदम खाली जाते, घाम येतो, थरथर होते, रात्री झोपेत झालं तर कळतही नाही.

मग तोंड बघा, खरंच टॉर्च लावून बघा. कवळी असेल तर काढायला सांगा. खाली हिरडी लाल झालेली किंवा जिभेवर पांढरे चट्टे असतील (शुगरवाल्यांना बुरशी लवकर होते) तर चावताना आग होत असणार, आणि ही मोठी माणसं बोलत नाहीत, भूक नाही एवढंच म्हणतात. पोट साफ होतंय का, रात्री झोप लागते का, कशात मन लागतं का हेही विचारा, डिप्रेशन या वयात पुष्कळदा ताटावरच दिसतं.

रक्त, किडनी, थायरॉइड, बी१२ या तपासण्या लागतील आणि एन्डोस्कोपीही (तोंडातून बारीक नळी घालून जठर आतून बघतात ती) बहुतेक सांगतील, घाबरू नका, टाळूही नका. गिळताना अडकणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. (लोहाच्या गोळ्यांनी पण शौच काळी होते, ते डॉक्टरांना सांगा.)

तोपर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, प्रोटीनचं आधी, म्हणजे अंडं, दही, डाळ जे चालतं ते, पाणी जेवताना नको, दोन खाण्यांच्या मधल्या वेळात. आणि आईंना सांगा, भरवू नका, शेजारी बसून स्वतः जेवा. माणूस सोबत असला की दोन घास जास्त जातात.

प्रश्न : वय ६९. दोन वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतो. चालू ठेवली तर चालेल?

उत्तर : काका, कुणी आणि कशासाठी दिली होती ते आधी बघा. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर जठर सांभाळायला दिली असेल तर चालू राहू दे. तसं नसेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा, एकदम सोडली की ॲसिड उसळतं आणि वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, ते तपासून घ्या. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली १५ सेंटीमीटरचे ठोकळे. आणि गॅस झाला असं वाटताना छाती भरून आली, दम लागला, गार घाम फुटला तर ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका, ईसीजी काढा, या वयात हार्ट अटॅक असाही येतो.