मेंदूतल्या दाहामुळे मेंदूचे आजार कसे वाढतात?

सूज म्हटलं की मुरगळलेला पाय डोळ्यांसमोर येतो. पण मेंदूतला दाह बहुतेकदा पेशींच्या पातळीवर, दिसू न देता चालतो. तिथे मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा साफ करायचा आणि मग शांत व्हायचं, हे त्यांचं काम. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा कचरा हटतच नाही. मग त्या चवताळलेल्याच राहतात आणि त्यांनी सोडलेली रसायनं धडधाकट चेतापेशींनाही इजा करतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात, निरोप वाटेतच अडतात. कोथरूडच्या माझ्या मावशीच्या हातून एका सकाळी कपबशी निसटली, मग ब्लाउजचे हुक लागेनात. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर दाह उतरला, हळूहळू हुक लागायला लागले. मात्र स्टेरॉइडने तो झटका आवरतो, मूळ आजार नाही. त्यासाठीची औषधं वेगळी असतात, ती तिला चालू आहेत.

आणि कृपा करून, ‘दाह कमी होईल’ म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या देऊन अल्झायमर टाळता येतो का, हे चाचणीत तपासलं गेलं. टाळता आला नाही.