वंशावळी आणि सरदार घराण्यांचे इतिहास संपादित करण्यात करिअर होऊ शकतं का?

तुम्ही विचारलंय की इतिहासात एम.ए. झाल्यावर कुलवृत्तांत, वंशावळी, सरदार घराण्यांचे इतिहास यांच्या संपादनावर पोट भरतं का, आणि त्यासाठी काय यावं लागतं. मी बावीस वर्षं हेच करतेय, म्हणून लिहिते.

आधी पोटाचं. नुसत्या यावर घर चालत नाही. कुलमंडळं मानधन देतात ते पुस्तकागणिक, आणि एकेक पुस्तक तीन-चार वर्षं खातं. मी मुद्रितशोधन आणि मोडी लिप्यंतराची कामं घेते, त्यातून महिना निघतो. यात कमीपणा मानू नका. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद छापायचे. गो. स. सरदेसाई १८८९ पासून बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यांनी संपादले ते ती नोकरी संपल्यावर.

मोडी तर हवीच. तिच्याइतकीच कालगणना हवी. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन नावाची वर्षगणना असते आणि सनाचा आकडा बहुतेकदा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, बदलतं, त्यामुळे महिना पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो. माझ्या दुसऱ्याच पुस्तकात मी एका इनामपत्राच्या नकलेवरचं ‘सबैन’ घाईत ‘सबा’ वाचलं. सबैन म्हणजे सत्तर, सबा म्हणजे सात. कागद त्रेसष्ट वर्षं मागे गेला आणि नातवाचं इनाम आजोबांच्या नावावर चढलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, आणि नकलेवर शिक्का नव्हता, त्यामुळे मला काहीच खटकलं नाही.

पानं लागून छपाईला निघाली होती. तेवढ्यात दुसऱ्याच कामासाठी त्र्यंबकेश्वरी गेले असता तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्याच नातवाच्या हातचा शके १६९२ चा लेख दिसला. बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव, बरोबर आलेल्या बायकोचं नाव, आणि खाली ‘हाली (म्हणजे सध्या) गाव इनाम’ म्हणून त्याच गावाचा उल्लेख. मी तिथेच खाली बसले. परत येऊन नक्कल भिंगाखाली धरली, अक्षर स्पष्ट ‘सबैन’ होतं. छपाई थांबवली, दोन प्रकरणं नव्याने लिहिली. तेव्हापासून पिढ्यांमधलं अंतर वयाशी ताडून पाहिल्याशिवाय मी एकही सन छापत नाही.

तीर्थोपाध्यायांच्या या वह्या, आणि दक्षिण महाराष्ट्रात पिढीजात वंशावळी राखणाऱ्या हेळव्यांकडच्या नोंदी, आधी पाहा. लोक सरळ सरकारी दफ्तराकडे धावतात. दफ्तरातली वंशावळ मात्र कशासाठी लिहून दिली होती ते विचारावं लागतं. १८५२ च्या कायद्यानंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला घराण्यांनी कैफियती दिल्या, त्यांना वंशावळी जोडल्या. त्यात वाटेकरी भाऊबंद गळलेले असू शकतात आणि दत्तकाची बाजू कोण मांडतोय त्यावर झाड वेगळं दिसतं. सातारचं राज्य १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झालं होतं, ती धास्ती त्या कागदांत आहे. म्हणून दत्तक गेलेला मुलगा मी जन्मघरी आणि दत्तकघरी, दोन्ही झाडांत दाखवते. मूळपुरुष राजस्थानातून आला असं घराणं सांगत असेल आणि कागद नसेल, तर ‘घराण्यात अशी समजूत आहे’ एवढंच लिहिते आणि त्यावरची जागा रिकामी सोडते. या रिकाम्या जागेवरून एका मंडळाने माझं काम काढून घेतलं. त्यांना तिथे नाव हवं होतं.

लेकींसाठी मी सर्वांत जास्त भांडते. जुन्या वंशावळींत त्या नसतात, सुनांचं माहेर नसतं. फलटणच्या नाईक निंबाळकरांचं झाड नुसतं पुरुषांचं काढलं, तर सईबाई त्या घरच्या होत्या आणि शिवाजी महाराजांची लेक सखूबाई त्याच घरात सून म्हणून गेली, हे त्यात कुठेच येणार नाही. मग त्या दोन घरांतलं राजकारण वाचणाऱ्याला कळायचं कसं?

शेवटी, लोक जुन्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली गाठोडी) सोडतात ते विश्वासावर. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे शकवार घटनांची यादी, टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती छापली, म्हणून महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी आपल्यापुढे आली. असे कागद अजून माळ्यांवर आहेत आणि वाळवी थांबत नाही. मूळ कागद घरी नेऊ नका, त्यांच्याच ओसरीवर फोटो काढा, जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि घटस्फोट त्यांच्या लेखी संमतीशिवाय छापू नका.

पुराभिलेखागाराचे मोडीचे वर्ग निघतात, त्यांत नाव घाला. तोवर तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा आणि तिच्या आईचं, आजीचं माहेरचं नाव विचारा. उशीर करू नका.