गावाने वर्गणी काढून ऑक्सिजनची सोय करायची, तर सिलिंडर घ्यावा की मशीन?

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या यवतमाळकडच्या गावात हाच वाद पारावर झाला होता. नागपुरात विशाखापट्टणमहून रेल्वेने ऑक्सिजनचे टँकर आले, तेव्हा आम्ही इथं वहीत नावं लिहीत होतो. चना नुकताच विकला होता म्हणून पैसे निघाले; कुणी शंभर, कुणी पाच हजार. एका आजीने लुगड्याच्या गाठीतून वीस-वीसच्या नोटा काढून दिल्या. रोज संध्याकाळी जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर लिहायचो. त्यामुळे कुरकुर झाली नाही, नाहीतर वर्गणी म्हटलं की फाटे फुटतातच बाप्पा!

हिशेब असा: जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर तेवीस तास, १० दिला तर बारा तासही पुरत नाही. मग तो भरायला तालुक्याला पळा. मशीन म्हणजे काँसन्ट्रेटर; तो हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतो, भरायची भानगड नाही; पण लाईट गेली की ठप्प. म्हणून आम्ही ५ लिटरवाले दोन मशीन घेतले, सोबत एक सिलिंडर भारनियमनासाठी. सिलिंडरमधून वायू किती सोडायचा ते ठरवणारा रेग्युलेटर आणायचं मात्र विसरलो, त्यात एक दिवस गेला.

मशीन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ताब्यात द्या. कुणाला किती द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील. आणि ५ लिटरवर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर येत नसेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.