एक लाखाच्या बक्षिसाआधी दर महिन्याची तारीख ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या ऑनलाइन स्क्रिम्स (सराव सामने) घेता, ४० टीम नाव नोंदवतात आणि रूममध्ये, म्हणजे गेममध्ये सामन्यासाठी उघडलेल्या खाजगी खोलीत, निम्म्याच येतात. आता दिवाळीनंतर एक लाख बक्षिसाची लॅन स्पर्धा, म्हणजे सगळ्या टीम एका हॉलमध्ये बसवून, घ्यायची आहे. दुकानदार दाद देत नाहीत. पैसे लावून अंदाज बांधायचं एक ॲप मात्र ४० हजार द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का?

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो: घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे. अशा ॲपची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बॅनरवर त्यांचा लोगो लावलात की जाहिरात करणारे तुम्हीच. शिवाय हॉलमध्ये निम्मी पोरं अकरावी-बारावीची असणार. त्यांच्या आईबापांनी सट्ट्याचं नाव एकदा वाचलं की पुढच्या वर्षी कोणी लेकरू पाठवणार नाही.

याच कायद्यामुळे प्रवेश शुल्काचाही विचार बदला. टीमकडून २०० रुपये घ्यायचे आणि त्याच पैशातून बक्षीस वाटायचं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि तिचं रूप पैसे लावून खेळण्यासारखंच दिसतं. मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत ई-स्पोर्ट्सला फक्त सहभागापुरतं किंवा आयोजनाच्या खर्चापुरतं शुल्क घ्यायची मुभा कायदा देतो, पण तुमच्या ग्रुपकडे अजून अशी नोंदणी नाही. म्हणून प्रवेश मोफत ठेवा. ‘परत मिळणारं डिपॉझिट’ही नको.

मग टीम गळतात त्याचं काय? ती शिस्तीची अडचण आहे, पैसे न घेताही सुटते. १६ टीमची लॉबी (एका सामन्यात खेळणाऱ्या सगळ्या टीम) असेल तर २० टीम पक्क्या धरा, त्यातल्या ४ राखीव. सामन्याच्या ६० मिनिटं आधी चेक-इन (हजेरी) उघडा, २० मिनिटं आधी बंद करा. ज्याने चेक-इन केलं नाही त्याचा स्लॉट (जागा) राखीव टीमला, मग तो कितीही ओळखीचा असो. इथेच बहुतेक आयोजक मित्रापुढे नरमतात आणि बाकीच्या १५ टीमना कळून चुकतं की वेळ पाळण्याला काही किंमत नाही. न कळवता दोनदा गैरहजर राहिला तर महिनाभर बाहेर. रूम आयडी आणि पासवर्ड १०-१२ मिनिटं आधीच द्या, तोही फक्त कॅप्टनच्या ग्रुपवर. अर्धा तास आधी दिलात तर तो बाहेर जातो, भलतेच लोक आत येऊन स्लॉट अडवतात आणि रूम पुन्हा लावण्यात २० मिनिटं जातात. स्लॉट यादीत प्रत्येक खेळाडूचं गेममधलं नाव आणि यूआयडी (खात्याचा नंबर) दोन्ही हवं, कारण नाव बदलता येतं, यूआयडी बदलत नाही.

आता एक लाखाचं बक्षीस. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी नको. मोठ्या बक्षिसाला पुण्या-मुंबईच्या मुरलेल्या टीम येतात, पहिले तीन नंबर घेऊन जातात, आणि परभणी-हिंगोलीची पोरं पहिल्याच दिवशी बाहेर पडून परत तुमच्याकडे येत नाहीत. खेळाचं वातावरण नेमाने उभं राहतं. मंगळवार-गुरुवार रात्री ९ ला स्क्रिम, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ऑनलाइन पात्रता फेरी, आणि तीन महिन्यांनी एक लॅन. तारखा सहा महिन्यांच्या एकदम जाहीर करा आणि हलवू नका. फेब्रुवारी ते मे मोठं काही ठेवू नका: बोर्डाची परीक्षा, विद्यापीठाची उन्हाळी सत्र परीक्षा, आणि लातूरकडची पोरं तर नीटची परीक्षा होईपर्यंत फोन हातात घेत नाहीत. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी सगळ्या मराठवाड्याला असते. आठही जिल्ह्यांच्या टीम बोलावायच्या असतील तर इतका सोयीचा दिवस दुसरा नाही.

एका दिवसाच्या, १६ टीमच्या लॅनचा हिशेब ५० हजारांत बसवता येतो. वाटणी साधारण अशी धरा: बक्षिसं २० हजार, हॉल आणि टेबल-खुर्च्या ८, इंटरनेट आणि नेटवर्कचं भाड्याचं सामान ६, जनरेटर डिझेलसह ५, पाणी-नाश्ता-जेवण ५, चषक आणि छपाई ३, हाताशी राखून ३. भाव तुमच्या गावचे बघून आकडे हलवा, पण बक्षीस ४० टक्क्यांच्या वर नेऊ नका. बक्षीस वाढवण्यासाठी जनरेटर किंवा दुसरी लाइन कापली तर स्पर्धा दुपारी दीडलाच संपते. बक्षीस ८, ५, ३, २ हजार आणि दोन वैयक्तिक बक्षिसं एकेक हजाराची. गेममध्ये जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापण्याचा प्रश्न येतो, तेव्हा एकदा सीएला विचारून घ्या आणि पोस्टरवरच ‘नियमानुसार कर वजा करून’ असं छापा. आणि रक्कम ४८ तासांच्या आत बँकेत जमा करून त्याचा पुरावा गटावर टाका. नव्या आयोजकांबद्दल पोरांना पहिली शंका हीच असते की बक्षीस मिळेल का. ती फिटली की पुढच्या वेळी नोंदणीसाठी मागे लागावं लागत नाही.

नेटवर्कवर जरा थांबतो, कारण बहुतेक लॅन इथेच कोसळतात. बीजीएमआय डेटा फार कमी खातो. १०० एमबीपीएसची लाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ६४ फोन एका घरगुती राउटरला जोडले की २०-२५ नंतर तो मान टाकतो, पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) ४० वरून ३०० वर उडतो आणि स्पीड टेस्ट मात्र छान दिसते. चार ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणाऱ्या पेट्या) लावा, प्रत्येकावर २० च्या आत फोन. फक्त ५ गिगाहर्ट्झ बँड चालू ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येकाला वेगळा चॅनेल. ॲक्सेस पॉइंट केबलने जोडा, वायफाय रिपीटर वापरू नका. प्रत्येक टीमला तिच्या टेबलाजवळच्या नेटवर्कचाच पासवर्ड द्या आणि प्रेक्षकांना कोणताच देऊ नका. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या आणि त्या खरंच वेगळ्या आहेत का ते विचारा, कारण लहान गावात दोन्ही फायबर एकाच खांबावरून येतात आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने एकदमच तुटतात. मोबाइल डेटावर भिस्त ठेवू नका. एका हॉलमधले ६४ फोन एकाच टॉवरवर एकदम आले की तो गुदमरतो. चाचणी आदल्या आठवड्यात, सामन्याच्याच वेळी, निदान २० फोन लावून घ्या.

राउटर आणि ॲक्सेस पॉइंटला छोटा डीसी यूपीएस लावा. वीज गेल्यावर जनरेटर चालू व्हायला लागणारं एक मिनिट एवढंच त्याचं काम, पण त्या एका मिनिटात ६४ जण गेममधून बाहेर पडतात आणि सामना बाद होतो. पत्र्याच्या शेडमधला हॉल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. उन्हात फोन तापतो, फ्रेम पडतात (चित्र अडखळतं), आणि चार्जिंगला लावून खेळलं की अजूनच. चार्जिंग दोन सामन्यांच्या मधे, खेळताना फोनचं कव्हर काढून. आणि सगळ्यांत जास्त उशीर होतो तो यामुळे: कोणाचा गेम अपडेट नाही, कोणाकडे मिरामारचा मॅप (गेममधलं एक मैदान) डाउनलोड नाही. प्रवेशाच्या टेबलावरच प्रत्येक फोनवर व्हर्जन आणि स्पर्धेतले सगळे मॅप बघा, मगच आत सोडा.

सामने सहा, प्रत्येकी साधारण ३५ मिनिटं आणि मधे १०, म्हणजे साडेचार तास. गुण सध्या रूढ आहेत तेच ठेवा: जागेचे (सामन्यात आलेल्या नंबरचे) १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलचा, म्हणजे मारलेल्या शत्रूचा, १. दोन किल घेऊन पहिली आलेली टीम आणि सात किल घेऊन तिसरी आलेली टीम, दोघांचे १२ होतात. बरोबरी सारखी होणार, म्हणून टायब्रेकरचा क्रम आधीच नियमात लिहा: आधी चिकन डिनर (जिंकलेले सामने), मग जागेचे एकूण गुण, मग किल, मग शेवटच्या सामन्यातली जागा. निकाल प्रत्येक सामन्यानंतर १० मिनिटांत पडद्यावर, आक्षेपाला १५ मिनिटं, त्यानंतर विषय बंद. स्ट्रीमला (थेट प्रक्षेपणाला) किमान ५ मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर मागे उभा असलेला मित्र फोनवर स्ट्रीम बघून शत्रू कुठे आहे ते सांगतो. स्ट्रीमचा कॉम्प्युटर केबलवर, आणि १०८०पी साठी अपलोड निदान १२ एमबीपीएस मोकळा.

सगळा डोलारा एका गेमवर उभारू नका. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात ज्यांच्याकडे दुसरा गेम नव्हता त्यांच्याकडे घ्यायला स्पर्धाच नव्हती. फ्री फायर मॅक्स कमी रॅमच्या फोनवर चालतो, खेड्यातली पोरं तिथेच आहेत, ४८ जणांची लॉबी आणि सामना लवकर संपतो. व्हॅलोरंट हा पीसीवरचा गेम घ्यायचा तर कॅफेच्या प्रत्येक पीसीवर आदल्या दिवशी लॉगिन करून बघा. विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या पीसीच्या सुरक्षेच्या सोयी बंद असतील तर व्हॅनगार्ड (त्या गेमचा चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम) आत सोडत नाही, आणि दहा पीसींच्या बायॉसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) स्पर्धेच्या दिवशी शिरायला वेळ नसतो. प्रत्येक गेमच्या कंपनीचे बाहेरच्या स्पर्धांसाठीचे नियम असतात. बक्षिसाची मर्यादा, लोगोचा वापर, कोणता प्रायोजक चालत नाही, हे तारीख जाहीर करण्याआधी वाचा.

आता स्पॉन्सर. दुकानदार दाद देत नाहीत कारण तुम्ही त्यांच्याकडे ‘गोल्ड-सिल्व्हर-टायटल’ असं इंग्रजी पॅकेज घेऊन जाता. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांची इनामं आणि टेनिस बॉल क्रिकेटची बक्षिसं वर्षानुवर्षं गावच भरत आलंय, आणि त्याची रीत साधी आहे: पहिलं बक्षीस अमुक यांच्यातर्फे, मॅन ऑफ द सिरीजची सायकल तमुक यांच्यातर्फे. तेच करा. एका माणसाकडे ५० हजार मागण्यापेक्षा दहा जणांकडे एकेक गोष्ट मागा. फायबरवाल्याकडे पैसे नाही, दिवसभराची लाइन आणि एक माणूस मागा. मोबाइलच्या दुकानाला दुसरं बक्षीस, पाण्याच्या एजन्सीला पाण्याचे जार, कॉम्प्युटरच्या दुकानाला चार मॉनिटर. एका धंद्यातला एकच घ्या आणि तसं लिहून द्या. दोन मोबाइलवाले एका बॅनरवर आले की दोघंही पुढच्या वर्षी येत नाहीत.

वेळ महत्त्वाची आहे. मोबाइल आणि गाड्यांच्या शोरूमचा जाहिरातीचा पैसा दसरा-दिवाळीला सुटतो, क्लासेस आणि कॉलेजांचा मे-जूनमध्ये. दिवाळीनंतर मागायला गेलात तर हात रिकामा दिसेल, म्हणून ऑगस्टमध्येच जा. आणि एक गोष्ट पोरांना माहीत नसते: एजन्सीवाल्याने स्थानिक कार्यक्रमावर केलेला खर्च बऱ्याचदा कंपनीकडून क्लेममध्ये परत मिळतो. त्यासाठी त्याला रीतसर बिल आणि कार्यक्रमातले तारखेसह फोटो लागतात. तुम्ही पहिल्याच भेटीत ‘क्लेमसाठी बिल आणि फोटो आठ दिवसांत देतो’ म्हणालात तर बोलण्याचा सूर बदलतो. त्यासाठी वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेणं बंद करा. संस्था नोंदवा, किंवा सुरुवातीला एखाद्या कॉलेजच्या क्रीडा विभागामार्फत करा. २०२२ च्या डिसेंबरपासून ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाकडे आहे, हे प्राचार्यांना सांगा, दार उघडायला मदत होते. रक्कम निम्मी पत्रावर सही होताना, निम्मी स्पर्धेआधी. नंतर देतो म्हणणाऱ्याचं नाव छापू नका.

त्याला दाखवायचं काय? एकूण व्ह्यूज नकोत, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हॉलमध्ये सही केलेल्यांची संख्या, स्ट्रीमवर एका वेळी सरासरी किती जण होते, आणि दुकानाच्या कूपनवर किती गिऱ्हाईक गेलं. टेम्पर्ड ग्लासवर ५० रुपये सूट असं साधं कूपन चालतं, पण कोड स्पर्धेचाच हवा, म्हणजे मोजता येतो. कूपनवर बारा जण गेले असतील तर बाराच लिहा. पुढच्या मोसमाचे पैसे त्या खऱ्या बारांवर मिळतात.

समालोचन मराठीत ठेवा, तेही आपल्या बोलीत. एक जण चालू घडामोड सांगणारा, दुसरा झोन (गेममधलं आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) आणि गाड्यांचा अर्थ लावणारा. दोघांनी स्क्रिमच्या रात्री सराव करावा. मुलींच्या टीमसाठी स्वतंत्र लॉबी दिवसाउजेडी ठेवा, सुरुवातीला कॉलेजच्या आवारात, एखाद्या प्राध्यापिका हजर असतील अशी. १८ खालच्या प्रत्येक खेळाडूकडून पालकाची सही घ्या आणि फोन नंबरही, कारण ऐनवेळी घरी कळवायची वेळ येते. ओळखपत्र प्रवेशाच्या टेबलावर बघून परत द्या. आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका, आणि आधी मागवलेले असतील तर आजच सगळ्यांच्या फोनमधून पुसायला सांगा.